पाठीवरची चेन

निघोजे येथील जमिनीचा सौदा पक्का झाला होता. अडसर होता तो बांधावरच्या समाधीचा. तिच्याखाली सोपानरावांच्या अस्थी होत्या, आणि त्यांच्या पत्नी मंजुळाबाई ती पाडू देत नव्हत्या. “त्यांची झोप मोडू नगा,” एवढेच त्या म्हणत.

तेव्हा चिरंजीव दादासाहेब, ज्यांच्या गाडीला लटकणारे लिंबू-मिरची कधी शिळे होत नसे, मातेच्या अंधश्रद्धेचे निर्मूलन करण्यास सिद्ध झाले. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये त्यांनी एक जुना, स्वस्तातला विलायती भयपट लावला. त्यात कुणी थडगे उकरते, आणि हजारो वर्षांची ममी उठून चालू लागते.

“आई, नीट बघ. पाठीला चेन दिसतीय. आत भाड्याचा माणूस आहे. मेलेलं कोण उठत नसतं.”

मंजुळाबाई नीट बघत होत्या.

“उकरलं म्हून उठला व्हय रं?”

“अगं, पिक्चर आहे तो! आपल्या समाधीखाली तर नुसती राख आहे.”

“ह्या बी नुसत्या चिंध्याच व्हत्या की.”

चित्रपट संपला. मंजुळाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“उद्या आण तुझा जेसीबी.”

विवेकाचा विजय झालेला पाहून दादासाहेब प्रसन्न झाले. “गेली ना भीती?”

“भ्या तुला आसंल, बाबा. मला लई वरसं झाली त्यांना बघून. मी समूरच बसते.”