त्यांच्या वतीने

सतरावा वक्ता बोलायला उभा राहिला तेव्हा लोरेटा प्रोकोपने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सहा वाजून चोवीस मिनिटे. त्याच्यामागे आणखी दोघे होते, दोघेही तिनेच आणलेले. प्रत्येकाला तीन मिनिटे. साडेसहाला व्हॅन येणार होती.

नगरपरिषदेच्या सभागृहात डावीकडे म्हातारी माणसे बसली होती, जाड कोट अंगावरून न काढता, काठ्या गुडघ्यांशी उभ्या धरून. कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या जुन्या मैदानाचे आरक्षण बदलावे, तेथे वृद्धांसाठी सहा मजली इमारत व्हावी, तिच्यात नव्वद बिऱ्हाडे राहावीत, एवढे सांगायला ती आली होती. उजवीकडे मैदानाला लागून घरे असलेले लोक होते. ज्याचे नाव आधी नोंदले तो आधी बोलणार, असा परिषदेचा नियम. सकाळी कचेरीचे दार उघडताच लोरेटाने उजवीकडची एकोणीस नावे नोंदवली होती, पहिले स्वतःचे. वृद्धांची व्हॅन आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते, दारात पाच मिनिटे थांबते आणि मग कोणासाठीही थांबत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. दोन वर्षे तिची आई त्याच व्हॅनने दवाखान्यात जात असे.

सतरावा वक्ता तिचा शेजारी ग्लेन होता. इमारतीची सावली दुपारनंतर त्याच्या परसात पडणार होती, टोमॅटो पिकणार नव्हते. शेवटी तो म्हणाला की म्हाताऱ्यांविषयी त्याला आदरच आहे, आणि म्हणूनच फडताळात बरण्या रचाव्या तसे त्यांना रचलेले त्याला बघवणार नाही. उजवीकडे टाळ्या पडल्या.

"बरणीला निदान झाकण असतं," डावीकडचा एक म्हातारा शेजारणीला म्हणाला, ऐकू कमी येणारी माणसे बोलतात तितक्या मोठ्याने. "माझं छप्पर गळतंय."

दोघेचौघे हसले. महापौरांनी टेबलावर बोटे वाजवली.

मग व्हॅनचा चालक दारात येऊन उभा राहिला. हातमोजा घातलेला हात त्याने वर केला. बाहेर उणे अठ्ठावीस अंश होते. ही व्हॅन गेली की दुसरी उद्या. म्हातारी माणसे एकमेकांकडे पाहत, एकमेकांच्या आधाराने उठली. त्यांच्या उठण्यालाच एका वक्त्याची तीन मिनिटे लागली.

ब्योर्नसनबाई सर्वांत मागे होत्या. त्यांचे सगळ्या गल्लीला माहीत होते: जिना त्या बसून, एकेक पायरी सरकत उतरत. आज मंजुरी मिळाली तर इमारत उभी राहीपर्यंत भाचा त्यांना आपल्याकडे ठेवणार होता. न मिळाली तर वसंतात दोनशे किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात, जिथे त्यांना ओळखणारे कोणीच नव्हते, एक खाट धरून ठेवलेली होती.

त्या लोरेटाच्या खुर्चीशी थांबल्या.

"छान बोललीस हो मघाशी. मला पटलं नाही, पण छान बोललीस."

"बाई, कोट नीट लावा," लोरेटा म्हणाली आणि उठून तिनेच त्यांचे वरचे बटण लावले.

बाईंनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "माझी पाळी येईस्तोवर व्हॅन थांबायची नाही. हे तू वाच, माझ्या वतीनं. दुसऱ्यानं वाचलेलं चालतं, मी विचारून घेतलंय."

"मी तर विरोधात आहे, बाई."

"म्हणून काय झालं? तुझ्याइतकं स्पष्ट माझ्या वर्गात कोणी वाचत नव्हतं. तुझं तू बोललीस. आता माझं वाच."

लोरेटाने कागद घेतला. बर्फावरून पाय घसरेल म्हणून व्हॅनच्या पायरीपर्यंत बाईंचा हात धरला, आणि दार सरकून बंद होईपर्यंत ती तेथेच थंडीत उभी राहिली.

ती परतली तेव्हा एकोणिसावा वक्ता आभार मानत होता. नगरसचिव डावीकडची नावे पुकारू लागल्या. प्रत्येक नावानंतर रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत आणि नोंद करीत: अनुपस्थित. लोरेटाने मांडीवर कागद उघडला.

*मी सिगरिड ब्योर्नसन. येथल्या शाळेत चौतीस वर्षे पहिलीला शिकवले. मला उत्तरेकडची खोली चालेल, ऊन नसले तरी चालेल. खिडकीतून शाळेत जाणारी मुले दिसावीत. त्यांची नावे मला माहीत नसतील, पण आडनावे माहीत असतील.*

"सिगरिड ब्योर्नसन," नगरसचिवांनी पुकारले. थांबल्या. "त्यांच्या वतीने कोणी?"

ग्लेनने लोरेटाच्या मांडीकडे पाहिले, मग छताकडे. लोरेटाने कागदाची घडी केली, पुन्हा एक घडी केली, तो मुठीत मावेपर्यंत.

महापौर खेदाने म्हणाले की ही इमारत ज्यांच्यासाठी, त्यांच्यापैकी एकही माणूस आज आपले म्हणणे मांडायला येथे नाही, आणि याचा अर्थ परिषदेने आपल्यापरीने लावावा. हात वर झाले. प्रस्ताव पडला.

सभागृहाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये लोक लोरेटाची पाठ थोपटत होते तेव्हा तिच्या पर्समधला फोन वाजला. बाई घरी पोहोचल्या होत्या.

"काय झालं गं?"

"पडला, बाई."



"मग वसंतात जायचं तर," बाई म्हणाल्या. आणि त्यापाठोपाठ, "पण तू वाचलंस ना?"

"वाचलं."

"माझं अक्षर फार किरटं झालंय आता. कुठे अडली नाहीस ना?"

"नाही, बाई. कुठेच नाही."

"शाबास," बाई म्हणाल्या.