ताईची हळद

"नवरीला नेहमी नवऱ्याचीच उष्टी हळद का?" मैत्रिणींशी पैज लावून नयनाने मल्लेश्वरमच्या भर मांडवात विचारलं.

"जिभेला हाड म्हणून नाही मेलीच्या!" आई करवादली.

नवऱ्याची गाडी हुबळीला अडकल्याची तार आली होती. त्याची हळद येईपर्यंत अलकाताईला न्हाता येईना. वाळा-कपूरकाचरीचं ऊन पाणी निवत चाललं, तशी पाटावर बसलेली ताई रडवेली झाली.

"अय्यो, आमच्यात नवरीला असं ताटकळत ठेवत नाहीत," शेजारच्या भाग्यलक्ष्मीअक्का म्हणाल्या.

नयनाने सरळ घरच्या हळदीत हात बुडवला आणि ताईचे गाल माखले. ताई खुदकन हसली.

"आई, बाबा, ठरलं!" नयना म्हणाली. "भावोजी आले की त्यांना ताईची उष्टी हळद."