काढून ठेवलेला बल्ब

सरकारनं विजेचे दर पुन्हा वाढवले, तेव्हा सुनेनं सासूबाईंच्या खोलीतला बल्बच काढून कपाटात ठेवला. "सरकार दर वाढवतं, तुम्ही दिवे जाळता. मी कुणाकुणाला आवरू?"

सासूबाई हसल्या. "राहू दे गं. तू जराशी माझ्याजवळ बस, मग अंधाराचं काही नाही."

तिला सवड झालीच नाही. सासूबाई त्याच अंधारात गेल्या.

आता ती रोज संध्याकाळी तिथे बल्ब लावते. परत येऊन पाहावं, तर तो पुन्हा कपाटात असतो.

आज ती दारातच थांबली. पेटलेला बल्ब, कुणी बोटांना चटका बसू नये म्हणून जपून काढावा तसा, थांबत थांबत, होल्डरमध्ये आपोआप फिरू लागला.

"आई, राहू दे ना उजेड," ती म्हणाली.

अंधार झाला. पलंग करकरला, आणि तिच्यापुरती जागा करत कुणीतरी पलीकडे सरकलं.