न उघडलेला किल्ला

लिलावाच्या साइटवर किंमत पुन्हा चढली होती. प्रेबेननं चष्मा पुसून आकडा परत वाचला आणि तो तळघरात जाऊन आला. खोका जागेवरच होता. काळ्या बुरुजांचा किल्ला, सहा सरदार, उचलता पूल; चिकटपट्टी कारखान्यातून निघाली तशी. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात खेळण्यातल्या विटा बनवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या तळघरात असा एखादा बंद खोका असतोच. इतर गावांत लोक वाइन मुरवतात, इथे विटा.

खोका त्यानं लेकीसाठी, सिदसेलसाठी आणला होता, ती सात वर्षांची असताना. "मोठी झालीस की उघडू," तो म्हणाला होता. ती मोठी झाली, पण त्याआधीच आईबरोबर ओडेन्स शहरात निघून गेली.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. तिनं आपण होऊन केलेला, म्हणून तो गडबडला.

"बाबा, विगा सहा वर्षांची होतेय. वाढदिवसाला तिला घेऊन तुमच्याकडे येईन म्हणते. तो किल्ला अजून आहे?"

"आहे की."

"तसाच? बंद?"

"तसाच."

"मग तिच्यासाठी तरी उघडाल?"

"उघडतो," तो म्हणाला. त्या क्षणी त्याच्या मनात खरोखर तेच होतं.

ती हसली. तिचं असं हसणं त्यानं फार वर्षांनी ऐकलं. "बरं झालं. मग मीही माळ्यावरची थोडी अडगळ काढते."

अडगळीचा इथे काय संबंध, हे त्यानं विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर त्यानं सहज किंमत पाहिली, आणि तिथेच सगळं बिघडलं. चिकटपट्टी कापली की वस्तू तीच राहते. प्लास्टिक तेवढंच, वजन तेवढंच. किंमत मात्र एकदम कोसळते. आणि सहा वर्षांच्या पोरीला नव्या विटेतला आणि जुन्या विटेतला फरक काय कळणार?

तेव्हा त्यानं वापरलेला किल्ला शोधायला घेतला. लिलावात कुणीतरी जर्मन शौकीन दर वेळी अगदी शेवटी बोली वाढवून जायचा. सुट्या विटांच्या साइटवर सगळे भाग मिळत होते, पण बुरूज पोलंडहून, सरदार इटलीहून, आणि प्रत्येकाचं टपाल वेगळं. तिसरं ॲप देशातल्याच जुन्या वस्तूंचं होतं. तिथे सगळे टोपणनावानं वावरायचे आणि पार्सल कोपऱ्यावरच्या दुकानात यायचं. प्रेबेनला त्यातली एक गोष्ट फार आवडली: वस्तू ठीक आहे असं घेणाऱ्यानं बटण दाबून कळवेपर्यंत विकणाऱ्याला पैसे मिळत नाहीत.

किल्ला तिथेच सापडला, आदल्या दिवशी टाकलेला. 'सिगारेट न ओढणाऱ्या घरातला. सगळे भाग आहेत. एका सरदाराच्या डोक्याला नेलपॉलिश लागलंय, माफ करा.'

माणूस प्रामाणिक दिसतोय, असं प्रेबेनला वाटलं. तरी त्यानं घासाघीस केलीच. उत्तर लगेच आलं: 'चालेल. आम्हाला आता त्याची गरज उरली नाही.'

विटा आल्या. त्यानं त्या साबणाच्या कोमट पाण्यात धुतल्या, टॉवेलवर वाळवल्या. नेलपॉलिश काढायला ॲसिटोनच्या बाटलीकडे हात गेला, पण त्यानं हे प्लास्टिकच विरघळतं, म्हणून डाग राहू दिला. विटा पत्र्याच्या नव्या डब्यात भरून त्याला लाल रिबीन बांधली. बटण मात्र दाबलं नाही. उचलत्या पुलाची साखळी नीट चालते का, हे कुणी पूल ओढून पाहिल्याशिवाय कसं कळणार?

वाढदिवसाच्या दिवशी त्यानं टेबलावर कागदी झेंडे लावले. मध्ये केकचा माणूस आडवा झोपवला, डोळ्यांच्या जागी गोळ्या, केसांच्या जागी लिकोरिस मिठाईच्या काळ्या दोऱ्या. विगानं आल्या आल्या रिबीन ओढून काढली.

"त्याचा खोका कुठाय?" सिदसेलनं विचारलं.

"कुबट वास मारत होता. टाकला."

"म्हणजे तुम्ही खरंच उघडलात." तिनं क्षणभर त्याच्या हातावर हात ठेवला. "मला वाटलं नव्हतं, बाबा."

"आता नातीपेक्षा मोठं काय असतं?"

विगा बुरूज चढवत होती. मध्येच ओरडली, "आजोबा, ह्याच्या डोक्यातून रक्त येतंय!"

"लढाईत लागलं असेल."

सिदसेलनं तो सरदार उचलला. अंगठ्यानं लाल डाग चाचपला. मग तो उजेडाकडे धरून पाहिला. पोरीला लहानपण आठवलं, प्रेबेनला वाटलं, आणि त्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात विगानं पूल ओढला. साखळी ताणली, पूल अलगद वर गेला. सगळं पूर्ण. प्रेबेननं टेबलाखाली फोन धरला आणि बटण दाबलं.

केकशेजारी पडलेला सिदसेलचा फोन टिंग करून उजळला.

अक्षरं त्याला उलटी दिसत होती, तरी वाचता आली. 'खरेदीदार समाधानी आहे. पैसे जमा झाले.' सिदसेलनं फोनकडे पाहिलं. मग टेबलाच्या कडेखाली गेलेल्या त्याच्या हातांकडे.

विगानं सुरी घेतली. केकच्या माणसाचा गळा कापताना सगळ्यांनी किंचाळायची इथे रीत आहे. ती एकटीच किंचाळली.

"आईनं जुन्या बाजारातून आणून दिला होता मला," सिदसेल हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही तुमचा उघडणार म्हणालात, म्हणून मी माझा विकला."