उत्तरापुरती जागा

फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंना ती जुन्या कॅसेटवरचे धडे कॉम्प्युटरवर कसे घ्यायचे ते दाखवत होती. पडद्यावर आवाजाची रेघ उसळायची आणि प्रत्येक प्रश्नानंतर बराच वेळ सपाट व्हायची.

"ही कॅसेटवरची बाई प्रश्न विचारून डुलकी काढते की काय?" बाई हसल्या. "या रिकाम्या जागा कापून टाकू या. धडा निम्म्यावर येईल."

"नका कापू, बाई. वर्गातल्या सगळ्यात अडखळणाऱ्या मुलाचं उत्तर होईपर्यंत ती थांबायची." मग ती म्हणाली, "माझी आई आहे ती. गेल्या महिन्यात गेली."

बाईंनी माउसवरचा हात काढून घेतला. "नाही कापत गं. लाव पुढचं."

आईने फ्रेंचमध्ये विचारलं, "आज कशी आहेस?" आणि आई थांबली.

महिनाभर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला 'बरी आहे' म्हणून वाटेला लावणारी मुलगी या वेळी, आईनेच शिकवलेल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये, खरं काय ते बोलली. मध्येच आवाज फुटेना, तेव्हा डोळे पुसून तिने वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरलं.

पुढचा प्रश्न आला, तेव्हा तिचं बोलून झालं होतं.