आधी आग्रह

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवसापासून कुत्र्याने भांड्याला नीट तोंड लावलं नव्हतं. ती जेवताना आधी नवऱ्याला "जेवा आता" म्हणायची, मग कुत्र्याला "खा रे राजा." तेव्हाच तो खायचा, आणि खाऊन झालं की पंजा तिच्या हातात द्यायचा. आता नवरा घसा कोरडा पडेपर्यंत "खा" म्हणायचा, पण कुत्रा ढिम्म.

त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "हवापालट करा, काका. नाहीतर हाही हातचा जाईल."

म्हणून शनिवारी नवरा कुत्र्याला घेऊन खेड्यातल्या एका भाड्याच्या घरी आला. बायकोने ते घर कधी पाहिलंही नव्हतं.

दुपारी घर सांभाळणाऱ्या मावशींनी त्याचं ताट वाढलं, कुत्र्याचं भांडं भरलं. कुत्रा भांड्यापुढे नुसता बसून राहिला.

"कुत्रा आहे का जावई?" मावशी हसल्या. "आग्रहाशिवाय जेवत नाही वाटतं!"

त्या गेल्या आणि घर शांत झालं.

कुत्र्याने एकदम कान टवकारले. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून शेपूट हलवली, आणि भांडं चाटूनपुसून लख्ख केलं.

मग तो खुर्चीपाशी गेला आणि त्याने पंजा उचलला. पंजा हवेत तसाच राहिला. त्यावरचे केस हळूच दबले, सुटले, पुन्हा दबले.

नवरा हात धुऊन ताटासमोर बसला होता. त्याला अजून कुणी "जेवा" म्हटलं नव्हतं.