वामकुक्षीची कसोटी

पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्राचं कोणतं पुस्तक लावायचं, ते उद्या कॉलेजात सांगायचं होतं. गेल्या वर्षीच्या ठोकळ्याला भिऊन अर्धा वर्ग पळालेला. म्हणून मॅडमनी जेवून आडव्या झालेल्या सासऱ्यांनाच एकेक पुस्तक वाचायला लावलं. पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच ते घोरायला लागले. दुसरं दोन पानं टिकलं.

"सूनबाई, यांना लग्नातसुद्धा डुलकी लागली होती," सासूबाई खिदळल्या. "मला मात्र असली डोकेफोड सांगू नकोस हं!"

तिसरं पुस्तक देऊन मॅडम चहा टाकायला गेल्या. येऊन बघतात तर पलंग रिकामा. सासरे गॅलरीत उभे, एका हातात बटाटा, दुसऱ्यात लिंबू. दोन्ही त्यांनी एकदम सोडले.

खालून सासूबाई ओरडल्या, "बरोबरच पडले हो! आता भोपळा टाका, मी सरकते!"